फातिहातली चार क्रियापदं

माझी अम्मी रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर कुराण वाचायची आणि त्यातलं एकही क्रियापद तिला कळत नव्हतं. आमच्याकडे, अकोल्यात काय नि अमरावतीत काय, बहुतेक मुली अशाच शिकतात. मोहल्ल्यातल्या आपांकडे कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, घेऊन जायचं, जेर-जबर-पेश ही स्वरचिन्हं घोटायची, मग नाजरा, म्हणजे नुसतं बघून वाचत, कुराण पूर्ण करायचं. त्या दिवशी घरी मिठाई वाटतात आणि शिक्षण संपतं. वाचता येतं, अर्थ लागत नाही. अर्थ म्हणजे मदरशात आलिम व्हायला गेलेल्यांचं काम.

न समजता केलेलं पठण ही इबादत होते का? उलमांचं उत्तर आहे, होते. तिरमिजीच्या हदीसमध्ये एकेका अक्षराला दहा नेक्या सांगितल्या आहेत. पण आयतींवर विचार करा, असंही कुराण स्वतःच बजावतं. दोन्ही गोष्टी मला मान्य होत्या, तरी मन शांत होत नव्हतं. शाळेत मी मराठी शिकवते; धडा न समजता घडाघडा वाचणाऱ्या मुलाला मी पुढे जाऊ देत नाही.

म्हणून अकोट फैलातल्या एका मौलानांकडे सर्फ, म्हणजे शब्दरूपांचं व्याकरण, शिकायला बसले. "बाजी, पहले गर्दान, मतलब बाद में," ते म्हणाले. गर्दान म्हणजे क्रियापद चालवणं. एका धातूचे चौदा सीगे, म्हणजे रूपं, पाठ करायचे: कतब, कतबा, कतबू... त्याने लिहिलं, त्या दोघांनी लिहिलं, त्या सगळ्यांनी लिहिलं. मग ती, मग तू, आणि सगळ्यात शेवटी मी आणि आम्ही. समोर नसलेला आधी, बोलणारा शेवटी. शाळेतल्या संस्कृतच्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडेही 'तो' हाच प्रथम पुरुष आणि 'मी' हा उत्तम पुरुष, म्हणजे शेवटचा. आपण मराठीच्या तासाला मात्र 'मी'पासून सुरुवात करतो.

या चौदांत एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. 'तू' म्हणताना अरबी भाषा बाई आणि पुरुष वेगळे ठेवते, पण 'मी'ला लिंग नाही. मराठीत मी गेले म्हणते, माझा नवरा मी गेलो म्हणतो. अरबीत दोघंही जहब्तु म्हणतात. बोलणारा स्वतःविषयी बोलतो तेव्हा तो फक्त बोलणारा असतो.

ही रूपं शिकवणाऱ्या पुस्तकांत 'इल्मुस्सीगा' हे मोठं नाव. ते मुफ्ती इनायत अहमद काकोरवी यांनी १८५७ च्या उठावानंतर काळ्या पाण्याच्या शिक्षेवर अंदमानात लिहिलं. ज्या माणसाचा देश, घर, ग्रंथ सगळं सुटलं होतं, त्याने क्रियापदांची रूपं मांडून ठेवली.

मग एके दिवशी मौलानांनी फातिहा समोर ठेवली आणि क्रियापदं शोधायला सांगितली. दिवसाच्या नमाजच्या सतरा फर्ज, म्हणजे अनिवार्य, रकअतींत म्हटली जाणारी ही सूरा. मी लहानपणापासून म्हणत आले. पहिल्या आयतींत, जिथे अल्लाहची स्तुती आहे, एकही क्रियापद नाही. तो आहे, एवढंच. पहिलं क्रियापद येतं नअबुदु: आम्ही तुझी इबादत करतो. तिथेच 'तो'चा 'तू' होतो. लगेच दुसरं, नस्तईन: आम्ही तुझी मदत मागतो. दोन्ही मुजारे, म्हणजे चालू, न संपलेली क्रिया. तिसरं आज्ञार्थी, वाट दाखव. धाकट्याने थोरल्याला केलेली आज्ञा ही आज्ञा नसते, दुआ असते, असं व्याकरणच सांगतं. चौथं अनअम्त, तू कृपा केलीस. हे एकच माजी, म्हणजे पूर्ण झालेलं. आमचं करणं अपुरं, चालू. त्याचं देणं पुरं झालेलं. सात आयतींत चार क्रियापदं, आणि एकाचाही कर्ता 'मी' नाही.

आमच्याकडे बायका घरीच नमाज पढतात. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत जानमाज अंथरून एकटी उभी असलेली बाईसुद्धा 'मी' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणते. त्या 'आम्ही'त कोण, हे मला आता कळतं: मशिदीतली नमाजींची सफ, शेजारची खाला, आणि अर्थ माहीत नसलेली माझी अम्मी. अर्थ कळणाऱ्याची आणि न कळणाऱ्याची इबादत त्या एका रूपात एकत्रच वर जाते. अम्मीची नमाज उणी होती असं मी कधीही म्हणणार नाही.

पण तिला हे कुणी शिकवलं नाही याचं मला दुःख आहे. कुराण मुळातून वाचता यावं म्हणून विनोबा अरबी शिकले. आमच्या मुली तर ती अक्षरं आधीच ओळखतात, अर्धी वाट त्यांनी चाललेली असते. म्हणून मकतब चालवणाऱ्या आपांना आणि मौलानांना माझी विनंती आहे: नाजरा पूर्ण झाल्यावर मिठाई जरूर वाटा, पण मुलीला घरी पाठवण्याआधी चौदा सीगे शिकवा आणि फातिहातली चार क्रियापदं तिच्याकडूनच शोधून घ्या.