शोधलेल्या जागेचा हिशेब

शिरूर-दौंडच्या बागायती पट्ट्यात एखादी गोष्ट हरवली, तर ती सापडणं पिकावर अवलंबून असतं. हरभऱ्याच्या रानात बांधावरूनही नजर दुसऱ्या टोकाला पोचते. उसाच्या फडात दोन सऱ्यांपलीकडचं काही दिसत नाही. बिबट्याची मादी फडात पिल्लं घालते आणि ती सापडतात ती बहुधा तोडणीची टोळी आत शिरल्यावर. 2025 च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात नरभक्षक बिबट्याचा माग काढायला थर्मल ड्रोन आणावे लागले. ‘फडात बघितलं, काही नव्हतं’ असं कुणी म्हटलं, तर इथला शेतकरी लगेच विचारतो: आत शिरला होतास, की बांधावरून बघितलंस?

हाच प्रश्न हरवलेल्या विमानांच्या बाबतीत नीट विचारायला जगाला फार वेळ लागला. आणि तो न विचारल्यामुळे माणसं गेली आहेत.

आपल्याच पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करतो. 7 जुलै 1962 रोजी, ऐन पावसाळ्यातल्या मध्यरात्री, अलिटालिया कंपनीचं डीसी-8 विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. ते जुन्नर तालुक्यात डोंगरावर आदळलं आणि 94 जण ठार झाले. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत, अशा समजुतीने वैमानिकाने विमान वेळेआधी खाली आणलं होतं. ते मोठं प्रवासी विमान होतं, पण त्यातून कळणारी गोष्ट लहान विमानांना अधिकच लागू पडते. विमान हरवण्याआधी अनेकदा वैमानिकाचा स्वतःच्या जागेचा अंदाज हरवलेला असतो. म्हणून त्याने शेवटी कळवलेली जागा हा पुरावा असला, तरी तो पक्का पुरावा नव्हे.

पूर्वी शोध म्हणजे त्या शेवटच्या जागेभोवती वर्तुळ आखायचं आणि डोळे लावून फिरायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांच्या शोधाचं गणित मांडताना बर्नार्ड कूपमन या गणितज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यातली मूळ उणीव हेरली. एखाद्या चौकोनावरून विमान फिरवलं म्हणजे तो चौकोन ‘झाला’ असं होत नाही. उंची किती होती, प्रकाश कसा होता, किती अंतरावरून गेलो, यावर तिथली वस्तू दिसण्याची शक्यता ठरते. ती शक्यता आकड्यात मांडता येते. वस्तू दिसली नाही, तर त्या चौकोनाचा संशय कमी होतो, शून्य होत नाही. उरलेला संशय बाकीच्या नकाशावर वाटला जातो. मला हा विचार विसाव्या शतकातल्या फार मोलाच्या विचारांपैकी एक वाटतो, कारण तो अपयशालाही माहितीचा दर्जा देतो, पण त्याच्या लायकीइतकाच.

गणित असं पुढे गेलं, तरी शोधमोहिमांची सवय तशी बदलली नाही. मार्च 1967 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ट्रिनिटी पर्वतराजीत एक लहान सेसना विमान बर्फात कोसळलं. आत आई, सावत्र वडील आणि किशोरवयीन मुलगी होती. विमान सापडेना, इतक्या थंडीत कुणी जगणार नाही असं मानलं गेलं आणि शोध थांबला. पुढे शरद ऋतूत शिकाऱ्यांना अवशेष मिळाले, त्यात रोजनिशी होती. अपघातानंतरच्या 54 व्या दिवसापर्यंतची नोंद तिच्यात होती. मदतीची वाट बघत ती माणसं जिवंत होती. हे वाचून माझ्या मनाला लागतं ते शोध थांबवणं नव्हे, कारण शोध कधीतरी थांबवावाच लागतो. लागतं ते हे, की ‘दिसले नाहीत’ आणि ‘जगले नसतील’ हे दोन अंदाज एकमेकांत मिसळले आणि त्यांची बेरीज खात्री म्हणून वापरली गेली.

या शोकांतिकेमुळेही अमेरिकेत लहान विमानांवर आपोआप संदेश देणारं यंत्र सक्तीचं करण्याला जोर आला. पुढे अमेरिका, सोव्हिएत रशिया, कॅनडा आणि फ्रान्स यांनी शीतयुद्धाच्या काळात कोस्पास-सारसात ही उपग्रहव्यवस्था एकत्र उभारली. तिच्यामुळे पहिली सुटका झाली ती सप्टेंबर 1982 मध्ये, कॅनडात. पडलेलं विमान दुसऱ्या एका बेपत्ता विमानाच्या शोधात निघालं होतं. आज भारतातलं या व्यवस्थेचं केंद्र बंगळूरला इस्रोकडे आहे.

यंत्रं आली आणि जुनी चूक नव्या रूपात परतली. जून 2009 मध्ये एअर फ्रान्सचं विमान 228 जणांसह अटलांटिकमध्ये बुडालं. त्याच्या ब्लॅक बॉक्सच्या यंत्रांतून येणारा आवाज ऐकण्यासाठी बराच समुद्र धुंडाळला गेला. आवाज आला नाही, म्हणून तो भाग जवळजवळ वगळला गेला. यंत्रं बंदच पडली असतील तर, असं गृहीत धरून गणित पुन्हा मांडलं, तेव्हा संशय त्याच वगळलेल्या भागावर आला. नव्याने सुरू केलेल्या शोधात साधारण आठवड्याभरात, एप्रिल 2011 मध्ये, अवशेष मिळाले. साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेटच्या बाबतीत तर संदेशयंत्र असूनही संदेश आला नाही. 3 सप्टेंबर 2007 रोजी तो नेवाडातून एका लहान विमानाने निघाला आणि परतला नाही. हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहचित्रं तपासली. काही जुन्या, विस्मरणात गेलेल्या विमानांचे अवशेष मिळाले, त्याचं मिळालं नाही. वर्षभराने डोंगरात पायी फिरणाऱ्या एकाला त्याची ओळखपत्रं सापडली.

आपल्याकडे 22 जुलै 2016 रोजी चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-32 विमान 29 जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. त्यात पुण्याजवळच्या निगडीचा एक तरुण अधिकारीही होता. स्वयंचलित पाणबुडीने आणलेल्या सुमारे 3,400 मीटर खोल तळाच्या चित्रांत त्या विमानाचे म्हणता येतील असे अवशेष दिसल्याचं जानेवारी 2024 मध्ये जाहीर झालं. साडेसात वर्षं त्या घरांना काय सांगायचं? माझ्या मते एवढं तरी: कुठे पाहिलं, कोणत्या साधनाने, आणि तिथे असतं तर दिसलं असतं याची खात्री किती. ‘कसून शोध घेतला’ या वाक्यात यातलं काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट साक्षीदाराची. 1966 साली स्पेनच्या पालोमारेस गावाजवळ अमेरिकेचा एक हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडला. पॅराशूट कुठे पडलं हे फ्रान्सिस्को सिमो या मच्छीमाराने पाहिलं होतं, पण सुरुवातीला त्याच्या सांगण्याला पुरेसं वजन मिळालं नाही. बॉम्ब अखेर त्याने दाखवलेल्या भागातच सापडला. 2011 मध्ये अरुणाचलचे मुख्यमंत्री दोर्जी खांडू यांच्या हेलिकॉप्टरचे अवशेषही स्थानिक गावकऱ्यांनाच आधी दिसले.

दौंडच्या शेजारी बारामतीला वैमानिक प्रशिक्षण चालतं. जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला प्रशिक्षणाचं एक विमान शेतात उतरलं, तेव्हा गावकरी लगेच धावले. पण असं विमान रात्री, पावसात, उभ्या उसात पडलं तर? 2024 मध्ये रात्रीचे ड्रोन दिसू लागले, तेव्हा शिरूर-दौंडची गावं जागी राहून आकाश बघत होती. बिबट्या आला, चोर आले की एका फोनवर गावभर आवाज पोचवणारी ग्रामसुरक्षा यंत्रणाही गावोगाव आहे. त्याच फोनवरून विचारता येईल: कुणी आवाज ऐकला का, किती वाजता, कोणत्या दिशेला जात होता, मध्येच बंद पडला का? आणि ‘काही ऐकलं नाही’ असं सांगणाऱ्यालाही विचारावं, की तेव्हा तुम्ही बाहेर होता की घरात, मोटर चालू होती का.