सत्तर रुपये

आबांचं तेरावं झालं आणि मित्र पुन्हा एमआयडीसीत कामावर जायला लागला. दुपारी कंपनीची बस, सेकंड शिफ्ट, रात्री उशिरा घरी. बोलणं मात्र आटलेलं. सुतकात टीव्हीवर टाकलेला टॉवेल तेराव्यानंतरही तसाच होता. टीव्ही तसा नवा. आधीचा 2021 च्या जुलैतल्या पुरात गेला. तेव्हा महाडात कुणाच्या घरात काय वाचलं होतं म्हणा.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी गेलो, तर काकू हळूच म्हणाल्या, "काहीतरी लाव रे. बघेल तरी."

काय लावायचं? पहिल्यांदा 'श्वास' आठवला. कोकणातले आजोबा, नातू, 2004 चा देखणा सिनेमा. पण त्यात सगळा दवाखाना. पनवेलला आबांच्या उशाशी अकरा रात्री काढून आलेल्याला परत दवाखान्यात कुठे नेऊन बसवू? 'किल्ला'तल्या पोराचे वडील गेलेले. 'व्हेंटिलेटर' नावातच बाद. रडका सिनेमा दाखवला की माणूस मोकळा होतो म्हणतात. मला वाटतं, असं म्हणणाऱ्यालाच समोरच्याचं रडणं बघायची घाई असते.

मला पाठ असलेला सिनेमा हवा होता. मध्येच उठून तो पडवीत जाऊन उभा राहिला, तरी त्याचं काही चुकायला नको. परत आल्यावर मला मधलं सांगत बसायला नको. म्हणून 'अशी ही बनवाबनवी'. 1988 पासून आपल्याकडे तो कुठूनही सुरू करता येतो, कुठेही सोडता येतो.

टॉवेल काढला. काकू दारात लसूण सोलत बसल्या. तो भिंतीला टेकून, नजर अर्धी टीव्हीवर, अर्धी पंख्यावर.

आणि सुधीर जोशींचा घरमालक मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपये मागायला लागला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. अशोक सराफ आता काय उत्तर देणार, हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. इतका विचार करून निवडलेल्या सिनेमातला सगळ्यात गाजलेला विनोदच 'वारले' या शब्दावर! मी रिमोट चाचपला. तो माझ्याच मांडीखाली होता.

अशोक सराफ बोलून गेले. काकूंचा हात थांबला. त्याने पंख्यावरची नजर खाली आणली.

"आबांकडे माझे दोनशे होते," तो म्हणाला. "पाडव्याला घेतलेले."

मी गप्प.

"तेपण वारले."

आधी काकूच हसल्या, पदर तोंडाला लावून. मग तो. हसता हसता कधी रडायला लागला ते कळलं नाही, टीव्ही चालूच होता. बऱ्याच वेळाने नाक पुसत म्हणाला, "मागे घे जरा. बायका होऊन येतात ते राहिलं."

काकू चहा टाकायला उठल्या.