तापलेल्या मोटरचं पूर्वसंचित

मागच्या जन्माचं पाप या जन्मी फेडावं लागतं, असं माझी आजी म्हणत असे. हा हिशेब मला बी. कॉम. होऊनही कधी जुळला नाही. उचल एकाची आणि रक्कम दुसऱ्याच्याच नावे! ब्यांकेत असं करा, लगेच चौकशी लागते.

पण आमच्या शाखेच्या एसीत हे सर्रास चाललं होतं. बाहेरच्या खोक्यातली पंख्याची मोटर जळाली, नवी बसवली. अर्ध्या तासात ती अशी तापली की वर पापड भाजावा. मग थांबली. निवल्यावर फिरली, पुन्हा थांबली. "माल बोगस!" साहेबांनी निकाल दिला आणि मेकॅनिकचं बिल अडकवलं. शाखेत नवा माणूस बदलून आला की त्याचाही निकाल साधारण एवढ्याच वेळात लागतो.

मेकॅनिक पोरसवदा, पण न्यायबुद्धीचा. म्हणाला, "चटका बसला म्हणजे मोटर बिघडली असं नसतं, साहेब. हात आपला साठ अंशांच्या आतबाहेरच मागं येतो. आतल्या वाइंडिंगचं इन्सुलेशन बी क्लासचं असलं तरी १३० अंशांपर्यंत सोसतं. आणि थांबते ती जळू नये म्हणून. आतला ओव्हरलोडच तिला थांबवतो."

यंत्रालाही लंच टाइम असतो हे ऐकून मला बरं वाटलं.

मग त्यानं मेन स्विच बंद केला, पाती हातानं फिरवून पाहिली, मोटरच्या पट्टीवरचे फेरे जुन्या मोटरशी ताडून पाहिले. सगळं ठीक. शेवटी कपॅसिटर काढून मीटरला लावला. वर छापलेलं ४ मायक्रोफॅरड, भरला अडीच! नव्या मोटरच्या गळ्यात जुनाच कपॅसिटर होता. 'चालतोय तो राहू दे' हे साहेबांचं धोरण. तो असा क्षीण झाला की मोटरला जोर मिळत नाही. ती रखडते आणि तापते. त्यात मागच्या जाळीत धूळ नि कबुतरांची पिसं. ज्या वाऱ्यानं मोटरनं स्वतः निवायचं, तोच अडलेला.

म्हणजे जिला आम्ही 'वय झालं होतं' म्हणून भंगारात घातली, ती जुनी मोटर आपल्या मरणानं मेली नसावी. पण आरोपी कोण? धूळ कुणी एकानं टाकलेली नाही. कपॅसिटर एका दिवसात म्हातारा झाला नाही. दुसऱ्याच्या टेबलाचा चार्ज घेताना न जुळणाऱ्या नोंदीही आपल्याच गळ्यात येतात. पण निदान आधी आपली सही घेतात. मोटरला कोण विचारतो? आजीचा हिशेब मला आता थोडा कळतो, पटत मात्र अजूनही नाही.

कपॅसिटर बदलला, जाळी धुतली. मोटर दुपारभर न थांबता फिरली. साहेबांनी बिलावर सही केली, फक्त जाळी धुण्याचे पैसे कापले.

"अरे, भांड की!" मी जिन्यात त्याला म्हटलं.

"धूळ पुन्हा बसणारच आहे ना, साहेब," तो म्हणाला आणि पाना पिशवीत टाकून निघाला.