नेम आणि नमन



फाल्गुन सरून चैत्र लागला की तळ्यांचे पाणी मागे हटू लागते. उघड्या पडलेल्या चिखलात शेकाट्या लांब गुलाबी पायांनी सावकाश चालतो, तुतवार शेपूट हलवत किडे वेचतो, वंचक बगळा काठावर दगडासारखा उभा राहतो. अशा पहाटे कॅमेरा घेऊन तळ्यावर जाणारे आपल्यातही अनेक आहेत. छंद चांगला आहे. तासभर गप्प बसणे, एका जीवाकडे पूर्ण लक्ष देणे, ही ध्यानाचीच तयारी आहे.

पण निश्चल बसणे म्हणजे ध्यान नव्हे. बगळाही निश्चल असतो, म्हणूनच ढोंगी ध्यानाला आपण बकध्यान म्हणतो. यात बगळ्याचा दोष नाही, तो पोटासाठी उभा आहे. आपण कशासाठी उभे आहोत, हे आपल्यालाच तपासायचे आहे.

राजस्थानात भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील शिवमंदिरावरून त्याला हे नाव मिळाले. एके काळी ही संस्थानिकांची शिकारीची जागा होती. कोणत्या दिवशी किती पक्षी मारले याचे आकडे कोरलेले दगड तेथे आजही उभे आहेत. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. पुढे 1982 मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1985 मध्ये ते जागतिक वारसा ठरले. आज त्याच पाण्याकाठी माणसे कॅमेरे घेऊन बसतात.

बंदूक गेली, हे मोठेच परिवर्तन आहे. मात्र हातातले साधन बदलले म्हणून मनातली हाव आपोआप जात नाही. ‘हे मला मिळालेच पाहिजे’ असे म्हणणारे मन कॅमेऱ्यामागेही नेम धरून बसलेले असू शकते.

टिटवीचे उदाहरण घ्या. याच दिवसांत ती उघड्या जमिनीवर खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते. ऊन तापले की पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. आपण जवळ गेलो की ती ओरडत घिरट्या घालते. फोटो सुंदर येतो, पण आपण तेथे थांबतो तितका वेळ अंडी उन्हात तापत राहतात. वंचकाचे पांढरे पंख दिसावेत म्हणून कोणी टाळी वाजवून त्याला उडवतो. आपल्याला एक चित्र मिळते, त्याचा घास जातो. अहिंसा म्हणजे केवळ न मारणे नव्हे. दुसऱ्याचे जगणे आपल्या इच्छेसाठी न अडवणे, हीसुद्धा अहिंसाच.

म्हणून पुढच्या वेळी एक छोटी साधना करा. तळ्यावर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे कॅमेरा पिशवीतच ठेवा. श्वास शांत होऊ द्या आणि फक्त पाहा. नंतर खुशाल फोटो काढा. पक्ष्याने चरणे थांबवले, मान ताठ केली किंवा तो ओरडू लागला, तर तो आपल्याला ‘मागे व्हा’ असे सांगत आहे. त्याचे ऐका आणि मागे या.

कर्म करावे, फळाला चिकटू नये, हे आपण सत्संगात नेहमी ऐकतो. ते आचरून पाहायला तळ्याचा काठ उत्तम जागा आहे. एखाद्या दिवशी एकही फोटो न घेता तुम्ही प्रसन्न मनाने घरी परतलात, तर समजा की त्या दिवशी नेम सुटला आणि नमन घडले.