आग सोमेश्वरी, बल्ब रामेश्वरी

पुन्हा बल्बच बदललास ना? तीच मारुती ८००, तीच तक्रार, आणि तू नवा बल्ब लावून हात पुसत उभा. गिऱ्हाईक काय म्हणालं ते नीट ऐकलंस तरी का? "रात्री दिवे चालू असताना ब्रेक दाबला की डावा मागचा दिवा विझतो." नुसता ब्रेक दाबला तर टेलचा मिणमिणतो. यात बल्ब गेलेला कुठे दिसला तुला?

डबल फिलामेंटचा बल्ब आहे तो. टेलचं ५ वॅट, ब्रेकचं २१. दोघांना परतीची वाट एकच: बल्बच्या अंगातून होल्डरला, होल्डरमधून बॉडीला. ती गंजली की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि ब्रेकच्या वायरीने पलीकडच्या बल्बमधून अर्थ गाठतो. त्यात ब्रेक दाबलास की दोन्हीकडे १२ व्होल्ट. करंटने जायचं कुठे? दिवा विझणारच. आयटीआयच्या परीक्षेत हे आकृती काढून लिहिलंस. मार्कही घेतलेस. मग डिकीत वाकायची वेळ आली की ते सगळं कुठे जातं रे?

तुझी कारणं मला तोंडपाठ आहेत. "जुनी गाडी आहे." अरे, ८०० बनायची थांबली २०१४ मध्ये. आता येईल ती जुनीच येणार. त्यावरच तर आपलं पोट चालतं! "आधीच्याने जोड मारलेत." मग तू काय केलंस? त्यावर आणखी टेप गुंडाळलीस. "मीटरवर १२ व्होल्ट येतात." हे तर फारच भारी. बल्ब काढून मोजलेस. लोड नसताना तारेच्या एका धाग्यावर तगलेली वायरही १२ दाखवते, हे तुला मी सांगायचं? बल्ब लाव. कोणाला तरी ब्रेक दाबून बसव. मीटरची एक लीड होल्डरच्या अंगाला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. शून्याच्या आसपास आलं पाहिजे. व्होल्टभर जरी दिसलं तरी अर्थ खराब. पण त्यासाठी गुडघे टेकावे लागतात. बल्ब बदलणं उभ्या उभ्या होतं. खरं कारण हे, आणि तुलाही ते माहीत आहे.

परवाच्या व्हॅनचं काय? फ्यूज सारखा उडतो म्हणून १५ च्या जागी ३० ॲम्पियरचा ठोकलास. वायर कुठे घासून पत्र्याला टेकली, शोधलंस? आता फ्यूज उडणार नाही, खरंय. वायर जळेल.

दोन्ही ब्रेक लाइट गेले तर आधी फ्यूज आणि पेडलचा स्विच, एकच गेला तर त्या बाजूचा बल्ब, होल्डर, अर्थ. एवढं तर तू झोपेतही सांगशील. ज्याला कळत नाही त्याला शिकवता येतं. कळून अंग चोरणाऱ्याचं मी काय करू?

साखर कारखान्यांचं गाळप सुरू आहे. अशोकनगरकडे, प्रवरानगरकडे रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालल्यात. त्यांना मागे धड दिवा नसतो म्हणून चहाच्या टपरीवर सगळ्यात मोठ्याने शिव्या कोण घालतं? तूच. मग सांग, नेवासा रस्त्यावर अंधारात ट्रॉली दिसली म्हणून या ८०० वाल्याने ब्रेक दाबला आणि नेमका तेव्हाच मागचा दिवा विझला, तर पाठीमागच्या ट्रकवाल्याने काय बघून गाडी आवरायची? ट्रॉलीवाल्यात आणि तुझ्यात फरक काय? त्याने निदान कोणाकडून दुरुस्तीचे पैसे तरी घेतलेले नसतात.

मान खाली घालून उभा राहू नकोस, त्याने वायर जोडली जात नाही. डिकीतलं कार्पेट उचल. अर्थची वायर बॉडीला जिथे आवळली आहे तिथवर माग काढत जा. स्क्रू काढ, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपर मार. होल्डर हिरवा पडला असेल तर नवा टाक. दिवे लावून ब्रेक दाब, मीटर धर, आकडा मला दाखव. मग गिऱ्हाइकाला फोन कर आणि बल्बाचे पैसे परत घेऊन जा म्हणून सांग. ते तुझ्या पगारातून.