गाडीच्या पोटातले खोटे

दिपोटी तपासणीला येणार असले म्हणजे एक मास्तर आपल्या वर्गाला आधीच पढवून ठेवीत, ही गोष्ट शिक्षकांच्या पिढ्या एकमेकींना सांगत आल्या आहेत. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. वर्गात हातांचे रान माजे, मास्तर नेमका उजव्या हाताचा मुलगा उठवीत, तो बिनचूक उत्तर देई आणि साहेब संतुष्ट होऊन परत जात. फराळाच्या ताटाभोवती ही गोष्ट हसण्यावारी न्यायला हरकत नाही. पण तिच्यात एक गाठ आहे. त्या वर्गात एकही मूल खोटे बोललेले नाही. ज्याला उत्तर येत नव्हते त्याने प्रामाणिकपणे डावाच हात वर केला होता! मग साहेबांशी खोटे बोलले कोण?

काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मोटारगाड्यांच्या बाबतीत उभा राहिला, आणि मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्याला त्याने बराच काळ पछाडले.

पूर्वी गाडीचे इंजिन मिस्त्रीच्या कानावर आणि पान्यावर चाले. आजच्या गाडीत इंजिनाजवळ एक बंद डबी असते. मेकॅनिक तिला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला, इंजिन किती फेरे घेते आहे, हवा किती थंड किंवा उष्ण आहे, हे पाहून सिलिंडरात किती डिझेल आणि कोणत्या क्षणी सोडायचे हे ती डबी ठरवते. तिला शहाणपण कोठून आले? आत एक प्रोग्राम भरलेला असतो, आणि त्यात पाढ्यांसारखे मोठाले तक्ते असतात. जुन्या डब्यांतून चीप उपसून दुसरी बसवावी लागे. पुढे स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावून सगळा प्रोग्राम बदलण्याची सोय झाली. गॅरेजच्या भाषेत याला ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात. मध्येच बॅटरी उतरली तर डबी कायमची मुकी होण्याची भीती असते, म्हणून शहाणा कारागीर आधी जुना प्रोग्राम उतरवून घेतो आणि मगच नवा भरतो.

हे काम मुळातच वाईट आहे असे कोणी समजू नये. थंडीत बंद पडणारी गाडी कंपनीनेच सुधारून दिलेल्या प्रोग्रामाने सुरळीत होते. जळालेल्या डबीच्या जागी भंगारातली डबी आणली तर तिच्यातला प्रोग्राम त्या गाडीशी जुळवून घ्यावाच लागतो. चाकूने कांदा चिरला म्हणून चाकूवर खटला भरत नाहीत.

परंतु फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांत जे सापडले ते कांदा चिरण्यापैकी नव्हते. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी गाडीच्या मागच्या भागात मोजणीची यंत्रे ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर पळवली. त्या मंडळींत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोघे भारतीयही होते. २०१४ मध्ये निष्कर्ष बाहेर आले. प्रयोगशाळेत उत्तम गुण मिळवणाऱ्या एका गाडीतून रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड हा वायू मर्यादेच्या १५ ते ३५ पट बाहेर पडत होता. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या पर्यावरण खात्याने नोटीस काढली, तेव्हा खरी हकीकत कळली. प्रयोगशाळेत गाडी रुळांवर उभी असते, चाके फिरतात, पण स्टिअरिंग वळत नाही. डबीतला प्रोग्राम अशा खुणांवरून ताडत असे की ही परीक्षा आहे, आणि तेवढ्यापुरता वायू आवरून धरी. रस्ता लागला की उजवा हात खाली, डावा हात वर. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे इंजिन आणि हा प्रोग्राम होता.

आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने या गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा बीएस-४ च्या मर्यादेपेक्षा १.१ ते २.६ पट वायू आढळला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या परत बोलावून त्यांचा प्रोग्राम बदलण्याचे जाहीर केले. त्यांत फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० होत्या. कंपनीचे म्हणणे असे की भारतातला नियम प्रयोगशाळेपुरता आहे, तो आम्ही मोडलेला नाही, आणि गाड्या आम्ही स्वेच्छेने बोलावीत आहोत. ही काही सातासमुद्रापलीकडची वार्ता नव्हे. एक कारखाना चाकणला, दुसरा आमच्या जालना रस्त्यावर शेंद्र्याला. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला तूर्त अटकाव केला. असो. न्यायालयाचे काम न्यायालयाकडे. मला गोडी आहे ती गाडीच्या मालकात.

कादंबरीकाराला पात्रे उभी करण्याची खोड असते, तेव्हा एक मालक उभा करतो. समजा, तो आमच्या धावड्याचाच आहे, मिरचीच्या मोसमात मोंढ्यात अडतीचा धंदा करतो, माणूस सरळ आहे, वजनात मारत नाही. त्याने अशी एक गाडी दुसऱ्या हाताने घेतली. पुढे बोलावणे आले, गाडी नेली, तासाभरात नवा प्रोग्राम भरून मिळाला. आणि महिन्याभराने त्याच्या लक्षात आले की गाडीचा पिकअप बसला आहे आणि अ‍ॅव्हरेजही उतरले आहे. अशा तक्रारी युरोपातल्या पुष्कळ मालकांनी केल्या; कंपनीने त्या मान्य केल्या नाहीत. यंत्रशास्त्र मात्र एवढे सांगते की नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवून जळण थंड करावे लागते, आणि असा धूर जितका जास्त फिरवावा तितकी काजळी वाढते. तेव्हा मालकाच्या तक्रारीत काहीच तथ्य नसेल असे छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. त्याला शहरात एक कारागीर भेटतो. तो म्हणतो, “दादा, जुना प्रोग्राम माझ्याकडे आहे. टाकून देतो. गाडी पूर्वीसारखी पळेल.”

आता हा अडत्या माझ्याकडे येऊन विचारतो, “गुरुजी, यात माझं काय चुकलं? गाडी माझी, पैसा माझा. त्यो प्रोग्राम मी लिहिला नाही, कंपनीनंच लिहिला. मी नवं खोटं कुठं करतोय? होतं तेच ठेवतोय.”

वकिलाला विचारले तर तो मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम काढील. कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये, असे ते सांगते. पण नोंदणीत प्रोग्रामाचा तपशील कोठे असतो? पीयूसीवाल्याला विचारावे तर तो डिझेल गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा मोजतो, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाही. म्हणजे जुना प्रोग्राम असो वा नवा, गाडी पास. हे गुपित जन्मात कोणाला कळणार नाही. अशा वेळी नीतीचा प्रश्न खरा नीतीचा होतो. शिपाई दिसत असताना सिग्नलला थांबणे हा नीतीचा प्रश्न नाहीच.

भारतीय युद्धात धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चाले, असे म्हणतात. अश्वत्थाम्याबद्दल तो अर्धसत्य बोलला आणि रथ खाली आला. वाहनाला मालकाची नीती कळावी ही कल्पना मला फार आवडते. आमच्या अडत्याची पंचाईत अशी की त्याचे वाहन उलट वागते. खोटे भरले की ते चार बोटे वर उचलले जाते, खरे भरले की अ‍ॅव्हरेज उतरते. धर्मराजाला निदान रथ तरी खरे सांगत होता.

अडत्याला मी उत्तर देईन ते त्याच्याच धंद्यातले. मोंढ्यात त्याला कोणीतरी पाचशेची खोटी नोट दिली. त्याने ती न कळत घेतली, गल्ल्यात टाकली, त्याच दिवशी एखाद्या शेतकऱ्याच्या हातावर ठेवली असती तरी त्याला कोणी बोल लावला नसता. पण ती बँकेत गेली आणि खजिनदाराने सांगितले, ही खोटी आहे. समजा, कशीबशी ती नोट परत त्याच्या हातात आली. कागद तोच, शाई तीच. छापली त्याने नाही. ती आता तो शेतकऱ्याला देईल काय? देणार नाही, हे मला ठाऊक आहे. कालची देवघेव आणि आजची देवघेव यांत फक्त एका गोष्टीचा फरक पडला आहे: आज त्याला माहीत आहे. गाडीतला जुना प्रोग्राम अक्षरन्‌अक्षर तोच असेल, पण कंपनीने भरला तेव्हा तो कंपनीचा खोटेपणा होता. जाणूनबुजून परत भरला की तो याचा झाला.

यावर तो गप्प बसणार नाही, आणि बसूही नये. तो म्हणेल, “मग माझे पाचशे बुडाले की!” बरोबर आहे. बँक खोटी नोट ठेवून घेते आणि तिच्या बदली काही देत नाही. ज्याने फसवले तो निसटतो, आणि प्रामाणिकपणाचा खर्च फसवला गेलेल्याच्या खिशातून जातो. हा अन्याय आहे. नीतीचे पाठ देणारे आम्ही मास्तर लोक तो बहुधा चटकन ओलांडून जातो. अमेरिकेत २०१६ च्या तडजोडीनुसार मालकांना गाडी कंपनीला परत विकता आली, वर हजारो डॉलर भरपाई मिळाली. आपल्याकडच्या मालकाच्या वाट्याला आला तो नुसता नवा प्रोग्राम. तेव्हा अडत्याचा राग खरा आहे. मात्र त्या रागाचा पत्ता चुकला आहे. भांडण कंपनीशी; ते ग्राहक आयोगात करावे, पेपरात करावे, मी अर्ज लिहून देईन. जुना प्रोग्राम भरून तो ते भांडण कंपनीशी करीत नाही, तर आपल्या सायलेन्सरच्या मागे सायकलवर शाळेला चाललेल्या पोराशी करतो. हा वायू फुप्फुसांना त्रास देतो. उन्हात त्यापासून ओझोन बनतो, आणि जमिनीलगतचा ओझोन गव्हासारख्या पिकाचेही नुकसान करतो. म्हणजे ज्या शेतकऱ्याचा माल तो अडतीत घेतो त्याचेच. एका गाडीने काय होते, हा प्रश्न खरा वाटतो. पण बरोबर हाच प्रश्न ३,२३,७०० मालकांना विचारता येतो आणि प्रत्येकाचे उत्तर ‘काही होत नाही’ हेच येते. वजनकाट्यावर मिरचीच्या एका देठाला वजन नसते. म्हणून पोत्याला नसते असे अडत्या कधी म्हणत नाही.

आता परीक्षा बदलली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, आणि १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना रस्त्यावर पळवून मोजण्याचा नियमही लागू झाला. दिपोटी आता न सांगता वर्गात येतात म्हणा ना. पण नियम नव्या गाड्यांचा; जुन्या अजून धावत आहेत, आणि बऱ्याच जणी तिसऱ्या-चौथ्या हातात पोचल्या आहेत. आमचा अडत्याही उद्या गाडी विकील. गिऱ्हाईक टायर दाबून पाहील, किलोमीटर विचारील, अपघात झाला होता का ते विचारील, बॉनेट उघडून आवाज ऐकेल. अडत्याने जुना प्रोग्राम टाकून घेतला असेल तर गाडीचा पिकअप पाहून गिऱ्हाईक खूश होईल आणि पाच-दहा हजार जास्तही देईल. तेव्हा त्याने आपण होऊन सांगावे काय? आरसी बुकात इंजिन नंबर आहे, चेसिस नंबर आहे, इंधनाचा आणि रंगाचासुद्धा रकाना आहे. डबीत कोणता प्रोग्राम आहे, याचा रकाना नाही.