वनभेंडीचा आकडा आणि हेतूचा प्रश्न

वनभेंडी, शास्त्रीय नाव युरेना लोबाटा, हे भेंडी-जास्वंदीच्या कुळातले झुडूप. रायगडच्या किनारपट्टीत वाड्यांच्या गडग्यांलगत, पायवाटांच्या कडेने, रानाच्या उघड्या काठावर ते पावसाळ्यात फोफावते. उंची कमरेएवढी, कधी दोन मीटरपर्यंत. पाने चांदणीच्या आकाराच्या केसांनी खरखरीत, साल चिवट वाखाची. पाऊस सरताना गुलाबी फुले येतात. पाच पाकळ्या, तळाशी गडद.

फळ जेमतेम एक सेंटिमीटरचे. वाळले की त्याच्या पाच फोडी सुट्या होतात. प्रत्येकीत एक बी. फोडीच्या पाठीवर ताठ काटे असतात आणि भिंगाखाली त्यांच्या टोकांशी मागे वळलेले बारीक आकडे दिसतात. गुरांच्या केसांत, धोतराच्या सोग्यात फोड अशी अडकते की ओढूनच काढावी लागते. ती पडेल तिथे पुढच्या पावसात बी रुजू शकते.

झाडाला जनावर दिसत नाही, मग ही नेमकी सोय योजली कोणी? हा प्रश्न दर्शनांना जुनाच आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत दाखला येतो: वासराच्या पोषणासाठी अचेतन दूध स्रवते, तशीच अचेतन प्रकृती पुरुषासाठी, म्हणजे चेतन आत्म्यासाठी, प्रवृत्त होते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तो खोडला. दुधामागे चेतन गाईची माया असते, वासराचे चोखणे असते. गवताचे दूध होते तेही गाईने खाल्ले तर. बैलाने खाल्ले तर होत नाही.

१८५९ मध्ये डार्विनने वेगळी वाट दाखवली. ज्या झाडांची फळे जरा अधिक अडकली त्यांचे बी लांब गेले, वंश टिकला. योजणाऱ्यावाचून आकडा पिढ्यान्‌पिढ्या घडत आला. इथे सांख्यांची बाजू भक्कम होते. तरी आचार्यांचा आक्षेप झटकून टाकणे उतावळेपणाचे ठरेल. आकडा एकटा काहीच साधत नाही. त्याला चालते-फिरते, भुकेने हिंडणारे अंग लागते. चेतन दुवा आहेच, पण बैल चाऱ्यासाठी हिंडतो, बियांसाठी नव्हे. गाईची ओढ वासराकडे असते. बैलाला फोडीची खबरही नसते. म्हणजे गाईचा दाखला वनभेंडीला लागू पडत नाही. उरते आचार्यांचे अधिक खोल उत्तर: सगळी प्रवृत्ती ईश्वराच्या अधीन आहे. नैसर्गिक निवड आकड्याचा आकार समजावते. ज्या नियमांनी ती निवड चालते ते मुळात का आहेत, हे तिच्या कक्षेत येत नाही. या उत्तराचा आधार श्रुती आहे, आणि भिंगाखालच्या निरीक्षणाने ते सिद्धही होत नाही, खोडलेही जात नाही.